धवल्याला पेटी

कपाट उघडलं आणि सत्काराच्या शालीला डांबरगोळ्यांचा वास आला, की मला मुरबाडजवळचा तो वृद्धाश्रम आठवतो आणि माझं डोकं आजही तापतं. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही चौघे पेटी-तबला घेऊन तिथे हौसेने गायला जायचो. त्या दिवशी पहिल्या रांगेत एक आजी ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. जन्मभर लग्नांत धवले गाणारी धवलारीण. "माज्या धवल्याला कवा पेटी लागली नाय रे, आज लागू दे," असं त्यांनी मला आल्याआल्या बजावलं होतं. पण आधी सत्कार! शहापूरहून प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, आमच्या अंगावर शाली घातल्या आणि माइक धरून म्हातारपणी संगीताचं महत्त्व काय ते सांगू लागले. सहाला जेवणाची घंटा होती. शेवटी मी हळूच भाता हलवून सूर धरला, की आजींनी तो उचलावा. पाहुण्यांना वाटलं, ही आपल्याच भाषणाला साथ. ते आणखीच रंगले! घंटा झाली. सेविका म्हणाली, "आजी, चला, जेवून गोळ्या घ्यायच्या हायेत." आजी उठल्या, पाहुण्यांसमोर थांबल्या. "साहेब, तुमी गायलाव बरा, पन लय लांबवलाव." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या महिन्यात गेलो, तर लेकाने त्यांना वाशिंदला नेलं होतं; तो धवला राहिला तो राहिलाच. आता कुठे कुठे मलाच प्रमुख पाहुणा करतात. मी दोन वाक्यं बोलून खाली बसतो, आणि लोक मला नम्र समजतात.