सलोमीचं बेट

सलोमी कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी वाकून पलंगाखाली बघायची. मग चपलांच्या रॅकमागे, मग ट्रंकेच्या आड. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हाही तेच केलं. मी म्हटलं, "बाई, खोली बघायला आलात की झडती घ्यायला?" ती म्हणाली, "वहिनी, साप सामानातूनच प्रवास करतो. तिकीट काढत नाही."

फरीदाबादच्या आमच्या घरातली वरची खोली तिने घेतली. नगरकडची ख्रिस्ती, लग्न न केलेली, दिल्लीत सरकारी नोकरी. काम सापांचं. दूर समुद्रात एक बेट होतं, तिथे पूर्वी साप नव्हता. घरं बांधायला जहाजातून लाकूड आणि कौलं गेली, त्यांच्याबरोबर साप गेले. तिथले पक्षी जमिनीवर अंडी घालणारे. साप काय असतो हेच त्यांना ठाऊक नाही. "तो घरट्याशी आला तरी उडत नाहीत हो, बघत बसतात," ती सांगायची. बेटावर पहाटे पक्षी बोलेनासे झाले होते. ते परत बोलावेत एवढ्यासाठी तिची सगळी धडपड. दर हिवाळ्यात ऑफिस तिला तिकडे पाठवायचं.

बाकीचं वर्ष आमच्या गच्चीवर ती तिकडचे पिंजरे करून बघायची. जाळीच्या नळकांड्यात आणखी एक लहान पिंजरा, त्यात जिवंत उंदीर. साप वासाने आत येणार आणि अडकणार, पण उंदीर त्याला मिळणार नाही. उंदरासाठी पाणी ठेवलं तर सांडतं, म्हणून बटाट्याची फोड. त्या फोडी मी चिरायची. माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा तिने आमच्याकडे जेवणं सोडलं. मला उंदरांचं काही वाटलं नाही. हे गेले होते, मुलगा गुडगावला. खाली एकटीने बसण्यापेक्षा वर बरं वाटायचं.

एकदा गल्लीत धामण निघाली. शेजारचे मल्होत्रा काठी घेऊन आले. "मॅडम, आप तो एक्सपर्ट हो, मारो इसे." सलोमीने धामण हाताने उचलून कापडी पिशवीत घातली आणि नाल्यापलीकडच्या शेतात सोडून आली. मल्होत्रा चिडले. "वहाँ मारती हो, यहाँ बचाती हो?"

"ये यहीं का है, भाईसाब. वहाँ वाला बाहर से गया है."

"बाहर से तो हम भी आए हैं. पिताजी मुलतान से आए थे. हमें भी पिंजरे में डालोगी?"

"आप अंडे खाते हैं?"

"राम राम. शुद्ध शाकाहारी."

"फिर आराम से रहिए."

मल्होत्रा हसत गेले. तिला मात्र तिकडे मारलेले साप टोचत असत. "त्याचा काय दोष, वहिनी? त्याला कुणी विचारून नेलं नाही," म्हणायची. आणि पुढच्या हिवाळ्यात मारायला जायची.

निवृत्तीनंतर तिने वर कायमचं राहायचं, स्वयंपाक एकत्र करायचा, असं आमचं ठरलं होतं. मी पानिपतहून दोन नव्या रजया आणून ठेवल्या. ती निवृत्त झाली आणि एकदा शेवटचं बघून येते म्हणून बेटावर गेली. तिथून फोन आला, "वहिनी, पिंजरे रिकामे निघताहेत."

"मग ये की."

"रिकामा पिंजरा म्हणजे साप संपला असं नाही. पोट भरलेला साप पिंजऱ्यात शिरत नाही. आता तर जास्त बघावं लागतं."

असं करत ती राहिलीच. पगार नाही, काही नाही. बोटीतून उतरणारं प्रत्येक पोतं उघडून कसं बघायचं, ते गावातल्या लोकांना शिकवत बसली.

मग एकदा फोन आला, आवाज चढलेला. "वहिनी, जमिनीवर घरटं आहे. पिलं बाहेर आलीत. ऐका." तिने फोन तिकडे धरला. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

"ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हटलं. "आता येतेस ना?"

ती म्हणाली, "वहिनी, आता तर पिलं आहेत."

त्याच पावसाळ्यात तिला ताप आला. समुद्र खवळलेला, बोट आली नाही. तिला तिथेच पुरलं, असं तिच्या भावाने कळवलं.

मुलगा म्हणतो, वरची खोली भाड्याने दे. माणसं बघायला येतात. एकाला मी सांगितलं, वर पाणी चढत नाही. दुसऱ्याला सांगितलं, छत गळतं. पाणी भरपूर येतं. छतही चांगलं आहे.