तीन तुकड्यांतला संदेश

एकाहत्तरच्या युद्धाच्या हिवाळ्यात मी नगरच्या सरकारी बिनतारी कचेरीत होतो. गुप्त संदेश आकड्यांत यायचे. किल्लीच्या तक्त्यातले आकडे त्यातून वजा केले, की एकेक इंग्रजी अक्षर उघडायचं. अख्खा संदेश एकच जण सोडवत बसायचा आणि इकडे नव्यांचा ढीग साचायचा.

आमचे साहेब कर्जतकडचे. एका सकाळी म्हणाले, "प्रत्येक ओळीला तक्त्यातली ओळ ठरलेलीच आहे. मग पहिली सुटायची वाट दुसरीनं कशाला बघायची? तिघं एकदम बसा."

त्यांनी संदेशाचे तीन तुकडे करून वाटले. तासाचं काम बघता बघता उरकू लागलं. फक्त तिन्ही कागद साहेबांच्या टेबलावर जुळेपर्यंत संदेशात काय आहे ते आम्हाला कळायचं नाही. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

माझ्या शेजारी राहुरीचा एक जण बसायचा. त्याचा धाकटा भाऊ सीमेवर होता. त्या दुपारी मधला तुकडा त्याच्याकडे आला, शेवटचा माझ्याकडे. माझ्या कागदावर शब्द उघडले : लढताना मृत्यू. कुणाचा, ते दुसऱ्याच्या कागदावर.

तेवढ्यात तो हसला. "आरं, माझ्या भावाचं नाव निघालं! बढती मिळाली जनू."

माझी पेन्सिल थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कागदाकडे.

"एका नावाची मानसं लई असत्यात," तो म्हणाला. गावाचं नाव सोडवायचं राहिलं होतं. तो पुन्हा वजाबाकी करू लागला. आर. ए. एच. तरी थांबला नाही. राहुरी पुरतं उघडलं, तेव्हा त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

साहेबांनी मला त्याच्याबरोबर एसटीनं राहुरीला धाडलं. उतरताना तो म्हणाला, "लई वाईट वाटनी आली रं तुझ्या पदरात."

आईला त्यानंच सांगितलं. मी दाराबाहेर उभा होतो.

दिवसकार्य उरकून तो परत त्याच खुर्चीत बसला. साहेबांनी काही दिवस त्याला अख्खे संदेश दिले. पण काम तुंबलं आणि तुकडे पुन्हा सुरू झाले. कुणी कागदावरून मान वर केली, की बाकीचे दोघं आधी त्याचा चेहरा बघायचे.

निवृत्त होऊनही आता जमाना झाला. पण घरात कुणी वाचता वाचता हसलं, की माझ्या तोंडून निघतंच, "पुढं काय लिहिलंय?"