दोराचा एक हिसका

चारठाण्यात सिद्रामप्पाला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. किराणा दुकान त्याचं, गादीही त्याचीच, पण गादीवर बसायची त्याची बायको भागम्मा. सिद्रामप्पा पायरीवर उभा. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, नजर एसटी येते त्या वळणाकडे आणि हाताला सदऱ्याच्या बटणांशी चाळा. एंट्री जवळ आलेला नट विंगेत उभा असतो ना, तसा हा माणूस एकोणसाठ वर्षं उभा होता. गिऱ्हाईकानं पावशेर साखर मागितली तर तोवर हा अर्धा किलो बांधून मोकळा.

"जरा दम धरा की ओ," हे भागम्माचं दिवसातलं पहिलं वाक्य आणि झोपतानाचं शेवटचंही.

गंमत अशी की दम धरण्यात अख्ख्या जिंतूर तालुक्यात सिद्रामप्पाची बरोबरी करणारा कुणी नव्हता. कुणाच्या विहिरीत मोटार सुटून पडली, घागर गेली, एकदा तर लग्नघरची कळशी गेली, की दुकानासमोर मोटारसायकल थांबायची. हा लगेच पायरीवरून खाली. अंगावरचं धोतर कंबरेला खोचायचं, गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी छातीशी घट्ट बांधायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि धप्पकन उडी. तळाला गाळ, मिट्ट काळोख. डोळे मिटूनच जायचं आणि हातांनी चाचपत शोधायचं. मोबदला एक नारळ, तोही तो महादेवाच्या देवळात फोडून लेकरांना वाटून टाकायचा. वर आला की काठावरची माणसं टाळ्या वाजवायची, आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्यांसाठीच तो जायचा.

काठावर दोर धरून उभी असायची भागम्मा. दोराचं एक टोक त्याच्या कंबरेला, दुसरं तिच्या हातात. ठरलेलं एवढंच, की खालून दोन हिसके आले म्हणजे ओढायचं. ती मनातल्या मनात "नमः शिवाय" मोजायची. नव्वदच्या आत दोन हिसके यायचे. बहुतेक वेळा.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी तिनं सांगून पाहिलं होतं, "मधी एक हिसका देत जावा. मी हाय, एवढंच सांगायला. ओढत न्हाई मी."

"देतो की," तो म्हणायचा. पण खाली गेला की कामाच्या नादात विसरायचा. तीस वर्षांत तो एक हिसका काही आला नाही. वर आल्यावर ती विचारायची, "काय दिसलं?"

"अंधार. दुसरं काय दिसणार?" आणि विषय संपायचा.

गेल्या वर्षी जिंतूरच्या डॉक्टरांनी सिद्रामप्पाचं बीपी मोजलं, गोळी लिहून दिली आणि बजावलं, विहिरीत उतरायचं बंद. भागम्मानं हात जोडले. पण सिद्रामप्पा सरळ ऐकणाऱ्यातला कुठला! कोल्हापूरला दिलेल्या लेकीनं, शिवानीनं, फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात माणसं पाठीला सिलेंडर बांधून समुद्राच्या तळाशी माशांमध्ये हिंडत होती. त्यानं तो शंभरदा बघितला आणि इष्टलिंगावर हात ठेवून भागम्माशी सौदा केला, "एकदा समुद्राखाली जातो. तवा विहीर कायमची बंद. न्हाई गेलो तर डॉक्टरचं बी ऐकणार न्हाई आन तुझं बी."

म्हणून दिवाळीनंतर दोघं सेलूला रेल्वेत बसली. सिद्रामप्पा दर स्टेशनाला दारात. कोल्हापूरहून शिवानीच्या गाडीतून मालवणपर्यंत त्यानं काच सत्तावीस वेळा खालीवर केली. जावई नाही, पण नातू होता बरोबर. त्याला ताप भरला म्हणून शिवानी सकाळी धक्क्यावरच थांबली.

"अप्पा, सांगतील तसं करा. आपली अक्कल चालवू नका," ती म्हणाली.

"मला शिकवायलीस? पाण्यातलं?"

धक्क्यावर एका माणसानं कागद पुढे केला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, आवाज खणखणीत. सगळे त्याला मास्तर म्हणत होते. त्यानं एकेक प्रश्न विचारला. दमा आहे का? नाही. हृदयाचा त्रास? नाही. कान फुटतो? नाही. बीपीची गोळी?

"न्हाई," सिद्रामप्पा म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं. भागम्मा तेव्हा नातवाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होती. तिनं काही ऐकलं नाही.

बोट निघाली. किल्ला मागे पडला, खडकाळ जागी नांगर टाकला. बोट एका जागी उभी असून डुलत होती आणि सिद्रामप्पा बोटीपेक्षा जास्त डुलत होता. मास्तरांनी समजावलं. पोहता आलं नाही तरी चालतं. काळा रबरी पोशाख, कंबरेला शिशाची वजनं, पाठीला सिलेंडर. डोळ्यांवरच्या काचेत नाकही झाकलं जातं, म्हणून श्वास फक्त तोंडातल्या नळीनं. वीसेक फूट खाली जायचं. कानांना दडे बसल्यासारखं झालं तर काचेवरून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा वर म्हणजे वर चला. अंगठा आणि बोट जुळवून गोल म्हणजे सगळं ठीक.

"मी पूर्ण वेळ तुमच्या मागे असतो, सिलेंडर धरून. आधी इथंच, बोटीला धरून, पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायचा सराव."

सिद्रामप्पा पाण्यात उतरला. तोंडात नळी, डोळ्यांवर काच. त्यानं छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि मान खाली घातली. तो होता तसा राहिला. बराच वेळ. मग वर येऊन त्यानं आजूबाजूला बघितलं. टाळ्या पडल्या नाहीत.

"काका, बुडबुडे कुठायत तुमचे?" मास्तर म्हणाले. "दम धरायचा नाही. इथं सगळं चालतं, ही एकच गोष्ट चालत नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा."

सिद्रामप्पा बोटीकडे बघून ओरडला, "ऐकलं का ओ भागम्मा! उभ्या जन्मात पैल्यांदा कुणीतरी म्हणलं मला, दम धरू नका म्हणून!"

"मंग ऐका त्यांचं तरी," भागम्मा वरून म्हणाली.

पण पंचेचाळीस वर्षांची सवय. मान पाण्यात गेली की छाती आपोआप कुलूप लावायची आणि डोळे आपोआप मिटायचे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं आणि श्वास फुलला होता. त्याला बोटीत ओढून घेतलं. भागम्मानं घाईघाईनं कंबरेची पिशवी सोडली, पाण्याची बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बीपीची गोळी घेतली न्हाई ना सकाळची? मला वाटलंच. आ करा."

ते वाक्य बोटीत पडलं. नाटकात कुणी चुकून दुसऱ्याच अंकातलं वाक्य बोलावं, तसं.

मास्तरांनी सिद्रामप्पाकडे बघितलं. रागावले नाहीत. फक्त त्याच्या पाठीवरचा पट्टा सोडवायला लागले. "काका, नाही जमायचं. मला तुम्हाला परत वर आणायचं असतं."

सिद्रामप्पानं विनवलं, मोठ्या आवाजात विहिरींची नावं घेतली, लग्नघरची कळशी सांगितली. मास्तर ऐकत राहिले आणि मान हलवत राहिले. शेवटी त्यानं भागम्माकडे तोंड वळवलं. "झालं समाधान? मंग विहीर बी सोडत न्हाई मी. सौदा मोडला. घरी गेलो की पैल्या दिवशी उतरतो बघ."

गोळीला त्यानं तोंड उघडलंच नव्हतं. भागम्मानं ती परत पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली. मग मास्तरांना विचारलं, "ह्यांची जागा रिकामी हाय नव्हं? मी जाऊ का?"

"तू?" सिद्रामप्पा हसला. "तुला पोहता येतं का?"

"त्यांनी सांगितलंय, न्हाई आलं तरी चालतंय. तीस वर्षं काठावर उभी हाय मी. खाली काय असतंय, बघू द्या की एकदा."

मास्तरांनी तिलाही तेच प्रश्न विचारले. तिला काही नव्हतं, बावन्न वर्षांत साधी डोकेदुखीची गोळी नाही. मंगळसूत्र काढून तिनं नवऱ्याच्या मुठीत ठेवलं. इष्टलिंगाची डबी मात्र काढत नाही म्हणाली. मास्तरांनी ती पोशाखाच्या आत घट्ट बसवून दिली. मग तिनं नळी तोंडात धरली, मान पाण्यात घातली आणि पहिल्याच वेळी बुडबुड बुडबुड बुडबुडे आले. एका लयीत. काढलेल्या नळीतून पाणी निथळत होतं आणि ती सांगत होती, "फुंकणीच हाय ही. चुलीपुढं जन्म गेलाय, त्यात काय!"

मग ती आणि मास्तर नांगराच्या दोराला धरून खाली गेले. पाणी त्यांच्यावर मिटलं.

आता बोटीत उरले सिद्रामप्पा आणि बोट चालवणारा तांडेल. तो बिडीसारखा बारीक, म्हातारा, मिठानं पांढरे झालेले हात.

"दोर कुठाय तिचा?" सिद्रामप्पानं विचारलं.

"कसला दोर?"

"कंबरेचा!"

"तसं काही नसतं. मास्तर आहेत ना. पंधरा मिनिटांत येतील."

पंधरा मिनिटं! सिद्रामप्पा बोटीच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. मंगळसूत्र खिशात ठेवलं, काढलं, परत ठेवलं. शेवटी पुढच्या टोकाला गेला आणि नांगराचा दोर दोन्ही हातांत धरला. हातात काहीतरी हवं होतं. आणि त्याच्याही नकळत तो मोजायला लागला, नमः शिवाय, नमः शिवाय. नव्वद झाले. हिसका नाही. दीडशे झाले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वासच सोडलेला नाही. कोरड्या बोटीत बसून दम धरलाय.

"ते बघा बुडबुडे," तांडेल म्हणाला. दिसलेही. मग एक लाट आली आणि ते मोडून गेले.

त्याला बोरीकडची एक विहीर आठवली. तिथं तो एकदा गंमत म्हणून कपारीत डोकं वर काढून, श्वास घेत, लपून बसला होता. काठावरची माणसं घाबरावीत म्हणून. वर आला तेव्हा सगळे हसले. भागम्मा दोन दिवस बोलली नव्हती. 'एवढं काय झालं रुसायला,' असं त्याला तेव्हा वाटलं होतं. दोर ओढून ओढून तिचे तळहात सोलले होते. तो म्हणाला होता, दोर नवा असल.

दोनशे. अडीचशे.

दोराला हिसका बसला. सिद्रामप्पा ताठ झाला. लगेच दुसरा.

"आले! दोन आले!" तो ओरडला आणि पाय फळीला रोवून सगळ्या जोरानं दोर ओढायला लागला. हातभर दोर आत आला, दोन हात आला.

"अहो काका! काय करताय?" तांडेल धावत आला. "नांगर उपटताय की काय? बोट जाईल खडकावर!"

"तिनं हिसके दिले! दोन!"

"लाटेचे आहेत ते! दिवसभर बसत असतात." तांडेलनं त्याच्या मनगटांना धरून दोर सोडवला. "बसा इथं. हात नका लावू कशाला."

सिद्रामप्पा फळीवर बसला. पाय हलायचा थांबला नव्हता, पण तो बसला होता. तळहात लाल झाले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. ओरडायचं होतं, कुणाला ते कळत नव्हतं. पाणी नुसतं चमकत होतं.

मग बोटीच्या डाव्या अंगाला बुडबुड्यांचा एक घोस फुटला आणि एक काळं डोकं वर आलं. भागम्मानं काच वर केली. चेहऱ्यावर काचेचा गोल वळ उठला होता, नाक लाल, ओठ खारट पाण्यानं पांढरे. तिनं पहिल्यांदा अंगठा आणि बोट जुळवून गोल केलं. सिद्रामप्पानं लाल झालेल्या हातानं तसंच केलं.

बोटीत आल्यावर ती म्हणाली, "खाली त्या दोराला धरलं होतं ना, तवा एक हिसका दिला म्या तुमाला. कळला का?"

"दोन आले."

"एकच दिला. मी हाय, एवढंच सांगायला."

"मंग दुसरा समुद्रानं दिला असल."

"काकांनी नांगरच उपसायला घेतला होता," तांडेल म्हणाला. भागम्मा आधी त्याच्याकडे, मग नवऱ्याच्या तळहातांकडे बघत राहिली. मग अशी हसली, अशी हसली, की नाकातून खारट पाणी आलं आणि ठसका लागला.

सिद्रामप्पानं खिशातून मंगळसूत्र काढलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातलं. तांडेलनं तोंड फिरवलं. गोळी त्यानं आपणहून मागून घेतली.

परतीच्या रेल्वेत भागम्मा सांगत होती. किती बारीक मासे, गव्हाच्या ओंबीएवढे, एकदम वळतात. एक पिवळा पट्ट्यांचा तर तिच्या काचेला नाक लावून उभा राहिला. आणि खाली अंधार नाहीच मुळी, हिरवा उजेड असतो. सिद्रामप्पा मध्येमध्ये विचारत होता, "मंग? मंग?" आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ खालची गोष्ट होती आणि त्याच्याजवळ नव्हती.

परभणी जवळ आलं तेव्हा त्याचा फोन वाजला. सेलूकडच्या भुजंगचा.

"सिद्रामप्पा, मोटार पडली बघा इहिरीत. कवा येता?"

सिद्रामप्पाचा पाय हलायला लागला. "उद्या सकाळी येतो."

भागम्मा बोलता बोलता थांबली. तिनं खिडकीकडे तोंड केलं.

"पण उतरणार न्हाई मी," सिद्रामप्पा फोनमध्ये म्हणाला. "लांब दोर आन लोखंडी आकडा आणून ठेव. काठावरून काढू."

"काठावरून? त्याला दिवस जाईल! तुमाला दम निघंल का?"

"न्हाई निघणार. म्हणून भागम्माला संगं आणतो." त्यानं फोन ठेवला. डब्यातल्या कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं बघितलंही नाही. तो बायकोकडे सरकला. "हां, मंग? पिवळा मासा काचेला लागला. पुढं काय केलं त्यानं? गेला? तू काय केलंस?"

भागम्मानं खिडकीकडून तोंड वळवलं. डोळे पुसून घेतले.

"सांगायलेय की," ती म्हणाली. "जरा दम धरा."