दोन बोटांची मशागत

सगळे त्याला 'दोन बोटं' म्हणत, आणि तोही खुशाल ओ देई. कुरणाची माती दोन बोटांहून खोल उकरायची नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. इतर कुठल्या गोष्टीतही तो फारसा खोलात जात नाही, असं बायको म्हणायची. पण ती त्यांची घरातली गोष्ट, आपण कशाला सांगायची.

यंदा कुरणात गवत कमी आणि तण फार. गाई नाक मुरडून परत यायच्या. शेवटी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "महिन्याभरात गवत दिसलं नाही, तर तिन्ही गाई माझ्या दादाकडे जातील."

दादा मदतीला हजरच. सल्ला बरोबर घेऊन आला होता. कुणी मागितला नव्हता, हा भाग वेगळा.

"भाऊजी, असं खाजवून तण मरतं होय? चांगलं खोल नांगरा."

"कोवळं तण वरवर उपटलं की उन्हात वाळतं. गवताची मुळं जुनी, ती हलत नाहीत. खोल गेलो, की खाली झोपलेलं तणाचं बी जागं होतं."

"तुम्ही कधी व्हायचे?"

दोन बोटंनं ट्रॅक्टरला लोखंडी दाताळं जोडलं आणि कडक उन्हात निघाला. इंजिनाच्या आवाजात मागचं काही ऐकू येईना. तिसऱ्या फेरीला ट्रॅक्टर कण्हायला लागला, तेव्हा त्यानं वळून पाहिलं. मेहुणा दाताळ्यावर मांडी ठोकून बसला होता.

"उतर खाली! किती वेळ बसलायस?"

"दोन फेऱ्या झाल्या. जरा वजन देत होतो." आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कशाला तरी वजन दिलं होतं.

महिना भरला. बायको निवाडा करायला कुरणात आली, दादा गाई न्यायला दोर घेऊन. सगळीकडे लुसलुशीत गवत. गाईंनी मान वर केली नाही. मधोमध दोन पट्टे मात्र तणानं गच्च, आणि गाई ते बरोब्बर टाळून चरत होत्या.

"इथंच कसं उगवलं हे?"

"इथं वजन पडलं," दोन बोटं नम्रपणे म्हणाला.

बायकोनं भावाकडे पाहिलं. भाऊ ढग बघत होता, आणि आभाळात ढग नव्हता.

"दादा, तुझं कुरण कोण नांगरतं रे?"

"मीच. स्वतः."

"मग गाई इथंच राहू देत." तिनं त्याच्या हातातला दोर काढून घेतला आणि खुरपं दिलं. "हे दोन पट्टे तेवढे साफ कर. बसूनच करायचं काम आहे, तुला जमेल."