सैल ठेवलेली तार

नातवंडांनो, तुमच्या प्रयोगशाळेचे फोटो पाहिले आणि मनात दडवलेलं एक लिहावंसं वाटलं.

मी भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका, म्हणून मारेगावच्या शाळेत विज्ञानाची फिरती गाडी आली तेव्हा मलाही बोलावलं. गाडीतल्या तरुणीने खिळ्याभोवती तार गुंडाळून सेल जोडला, पण टाचण्या चिकटेनात.

"ताई, फसला तुमचा प्रयोग!" पोरं खिदळली.

"तार सैल आहे," मी कुजबुजले.

"सांगू नका ना, मॅडम," ओढणी खोचत ती हळूच म्हणाली. "जमला तं पोरं नुसते पाहत राह्यतात." मग मोठ्याने, "काहून फसला, सांगा!"

सगळी टेबलावर तुटून पडली. मी आयुष्यभर प्रयोग अचूक करून दाखवले. माझ्या टेबलाभोवती अशी झुंबड कधी उडाली नाही. मी तिचं नावही विचारलं नाही.

तिचा हेवा मला अजून वाटतो.