पियानो गेला, आवाज मी सोडला नाही

मास्तरांचा इलेक्ट्रिक पियानो बंद पडला तेव्हा मला त्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागून सहा वर्षं झाली होती. जालन्यातल्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडला आणि सांगितलं, याचे पार्ट आता मिळत नाहीत. मास्तरांनी नवा कीबोर्ड आणला. त्यात इलेक्ट्रिक पियानोचं एक बटण होतं, पण आवाज गुळगुळीत, जीव नसलेला.

"मास्तर, हा तो आवाज न्हाई."

"लग्नात कोण कान देऊन ऐकून राह्यलंय, ताई?"

"मी ऐकून राह्यले."

माझा नवरा जालन्यातच, मस्तगडला, आमच्या घरी कॉम्प्युटर क्लास घ्यायचा. दुपारी मुलं गेली की एक मशीन माझं. मास्तरांचा नवा कीबोर्ड मी घरी आणून त्याला जोडला. सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर सीडीवर मिळालं, शिकवणारं कुणीच नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या कार्यक्रमाची एक कॅसेट होती, तिच्यात जुना पियानो होता. ती मागंपुढं करत मी जुळवायला बसले. एक जाड सूर, त्यावर घंटीसारखा बारीक, उमटताच विरणारा. आठवडाभर मशीनमधून नुसत्या सायकलच्या घंट्या वाजल्या. मग लक्षात आलं, तो बारीक सूर कीबोर्डची पट्टी जोरात दाबली तरच यायला हवा. हळू दाबली की मऊ, जोरात दाबली की फाटका. थोडी घरघरही मिसळली. एका दुपारी खालच्या सप्तकात बोट आपटलं आणि जुन्या पियानोचा तोच गुरगुराट निघाला. मी पंखा बंद करून पुन्हा ऐकला. तोच होता.

वाटूरच्या लग्नात मी नवा कीबोर्ड वायरीनं कॉम्प्युटरला जोडला आणि सगळं स्टेजवर मांडलं. मास्तर धावत आले.

"हे टेबल पडद्यामागं घ्या. लोक म्हणतील, बाई रेल्वेची तिकिटं फाडायला बसली."

"म्हणू द्या."

मी टेबल आणखी पुढं ओढलं. तिसऱ्या गाण्यात मशीन हँग झालं. एकच सूर अडकून भोंग्यासारखा वाजत राहिला. वऱ्हाडी हसले. मास्तर हातानं खुणावत होते, बंद करा. मी बंद केलं आणि तिथंच पुन्हा चालू केलं. तोवर ढोलकीवाल्यानं ठेका सोडला नाही. मग मी तेच गाणं पहिल्यापासून वाजवलं, पट्ट्या दणकून.

परतताना टेम्पोत मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले.

"आवाज बराबर होता," ते म्हणाले. "पण तो पियानो मी वीस वर्षं खांद्यावर वाह्यला, ताई. तो असा डब्यातून बोलला की कसंतरीच होतं. पुढच्या टायमाला हे घरी ठेवा."

मला वाईट वाटलं. तरी मी म्हणाले, "मंग मीबी घरी."

"विचार करून सांगा."

"केला."

तो हंगाम मी खरंच घरी बसले. पुढच्या वर्षी दुसऱ्या ऑर्केस्ट्रा पार्टीचं बोलावणं आलं. मी आधीच सांगितलं, मशीन येईल आणि लोकांना दिसेल असं बसेल. मध्येच बंद पडलं तर मी चालू करीन, तेवढं थांबावं लागेल. त्यांचा मालक जरा घुटमळला, मग हो म्हणाला.