मॅलाकीच्या मयताचे हातमोजे

ब्रॅमली फॉल्समध्ये कुणाचा नवरा गिरणीच्या कुठल्या खात्यात आहे, हे विचारावं लागत नसे. हात पाहिले की कळायचं. कॉर्नी हॅनरॅटीचे हात कोपरापर्यंत निळे होते. बावीस वर्षं रंगखात्यात निळीच्या हौदांवर काढलेल्या माणसाचे आणखी कसे असणार? लग्नात त्याने डीलियाचा हात धरला, तेव्हा तिच्या पांढऱ्या बाहीवर पाचही बोटं उमटली होती आणि तिची आई भर चर्चमध्ये पुटपुटली होती, "शिक्का मारला बाई पोरीवर." पुढे प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं निळी झाली, पावाच्या कडा निळ्या झाल्या, उशा निळ्या झाल्या. डीलियाला त्याचं काही वाटेनासं झालं.

तिचा धाकटा भाऊ मॅलाकी गॉर्मली त्याच खात्यात होता. १८८९ साली, ईस्टरच्या आधीच्या उपासांत, तो हौदात पडला. हौदाची कड जेमतेम गुडघ्याएवढी, खाली शेवाळलेली फरशी, आणि वाफ अशी की शेजारचा माणूस दिसू नये. कठडा नव्हता. कॉर्नीनेच त्याला ओढून बाहेर काढलं. त्यानंतर मॅलाकी दोन दिवस जगला, आणि त्या दोन दिवसांबद्दल डीलिया कधी कुणाशी बोलली नाही.

रंगखात्यातल्या सहा जणांनी त्याची शवपेटी खांद्यावर नेली. आमच्याकडे पेटी उचलणाऱ्यांना पांढरे सुती हातमोजे देतात, आणि मयत झालं की ते ज्याचे त्याने घरी न्यायचे असतात. कॉर्नीचा जोड डीलियाने जपमाळेशेजारी, खणात घडी घालून ठेवला.

त्याच वर्षी पुलाजवळचा चांभार एझ्रा लीबी राज्याच्या विधानसभेसाठी उभा राहिला. त्याचं म्हणणं एकच होतं: कायदा करून प्रत्येक गिरणीतल्या प्रत्येक हौदाला कठडा बसवायचा. त्याच्या विरोधात गिरणीमालकाचा पुतण्या होता. त्याचं काहीच म्हणणं नव्हतं, कारण त्याला म्हणायची गरजच पडली नव्हती.

गरज पडायची नाही, कारण तोवर मत देणं म्हणजे हात वर करून चालणं होतं. प्रत्येक पक्ष आपापल्या रंगाच्या चिठ्ठ्या छापायचा. गिरणीवाल्यांची चिठ्ठी पिवळीधमक. रंगखात्याचा मुकादम थर्लो दारातच ती हातात ठेवायचा आणि मतपेटीत पडेपर्यंत नजर हलवायचा नाही. कॉर्नीने अकरा वेळा ती पिवळी चिठ्ठी डोक्यावर धरून नेली होती, कारण खाली धरली तर थर्लो ओरडायचा, "वर, हॅनरॅटी! लाज वाटते का तिची?"

त्या वर्षी मात्र राज्याने नवीच तऱ्हा आणली. कागद सरकारच छापणार, सगळ्यांना एकच, पांढरा, सगळी नावं त्यावर. तो घेऊन लाकडी आडोशात जायचं, पेन्सिलीने फुली करायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. शेजारच्या फीनीने, तोही पेटी उचलणाऱ्या सहांतलाच, पेपरातून हे वाचून दाखवलं, तेव्हा कॉर्नीचा पाइप हातातच राहिला.

"आत आपण एकटेच?"

"एकटेच."

"पाद्रीसुद्धा नाही?"

"अरे बाबा, मेरी मातासुद्धा नाही!"

कॉर्नीने पाइप खाली ठेवला. आयर्लंडातल्या झोपडीत नऊ भावंडं, बोटीत अंगाला अंग, गिरणीत साऱ्या खात्याचा गलका, घरी तीन खोल्यांत अकरा जणं. उभ्या जन्मात त्याला एकट्याची अशी जागा मिळाली नव्हती, आणि ती मिळणार होती चक्क सरकारकडून. हे आज सांगताना माझ्यासुद्धा अंगावर काटा येतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, थर्लो रंगखात्यात उंच बाकावर चढला. "कागद पांढरा आहे, गड्यांनो," तो म्हणाला, "आणि तुमचे हात निळे. मोजायला माझा मेहुणा बसणार आहे. लीबीच्या नावाशी फुली आणि कागदावर निळं बोट असे कागद किती निघतात, तेवढं मला तो सांगणार. मग कुणाचा कोणता हे शोधत बसायला मला वेळ नाही. रंगखातं सगळंच घरी." खात्यात चौतीस माणसं होती, आणि प्रत्येकाचं घर गिरणीचंच होतं.

संध्याकाळी डीलियाने कॉर्नीला घंगाळापाशी बसवलं. आधी साबण, मग धुण्याचा सोडा, मग लिंबू, मग चुलीतली राख.

"अगं सालडी काढतेस का माझी?"

"गप बैस. बावीस वर्षांचा रंग आहे, तुझ्या बोलण्याने निघणार आहे का?"

पाणी सहा वेळा बदललं. हात सोलवटून लाल व्हायला हवे होते, ते जांभळे झाले. कॉर्नीने कोरड्या फडक्यावर अंगठा दाबला. अंगठा उमटला, रेघा मोजता येतील इतका स्वच्छ.

"राहू दे, डीलिया," तो म्हणाला. "मालकाच्या पुतण्याला देतो आणि मोकळा होतो. मॅलाकी काय परत येणार आहे?"

डीलियाने फडकं झटकलं, खुंटीला टांगलं. मग तिला इतका राग आला की तिने सरळ जाऊन खण उघडला. जपमाळ बाजूला सारली. हातमोजे त्याच्या मांडीवर टाकले.

"हे घाल. माझ्या भावाला उचलताना घातले होतेस ना? मग उद्याही घाल."

आणि शाल ओढून ती बाहेर पडली. पेटी उचलणाऱ्या बाकीच्या पाच जणांच्या घरी ती गेली आणि पाचही जणांच्या बायकांशी बोलली. काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही, पण फीनीची बायको पुढे म्हणायची, "अंगारच होती ती त्या दिवशी."

मंगळवारी बायका टाउन हॉलच्या समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या. त्यांना आत जायचा हक्क नव्हता. दार सताड उघडं होतं, आत नवं लाकूड पिवळं दिसत होतं, आणि नव्या कायद्याने आखलेल्या कठड्याच्या अलीकडे थर्लो हात चोळत उभा होता. गिरणीत कठडा नव्हता, पण थर्लोला लांब ठेवायला सरकारने कठडा घातला होता. डीलियाला हसू आलं.

कॉर्नी दारात पोचला. त्याने खिशातून हातमोजे काढले आणि सावकाश चढवले.

"काय रे हॅनरॅटी," थर्लो म्हणाला, "कुणाच्या मयताला?"

"ते अजून ठरायचंय, साहेब," कॉर्नी म्हणाला.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कॉर्नी आत गेला. बाहेर आला तो थेट मागच्या माणसापाशी, आणि त्याने हातमोजे उतरवून त्याच्या हाती दिले. फीनीने आपले काढले. बाकीच्या चौघांनी काढले. सहा जोड, चौतीस माणसं. जाड्या बोटांत ते शिरेनात, लहान हातांत ते लोंबू लागले, तरी एकामागून एक सगळे पांढऱ्या हातांनी आत गेले, मान खाली घालून, मॅलाकीला नेताना चालले होते तितक्याच हळू. समोरच्या फुटपाथवर बायका बघत राहिल्या. डीलिया रडत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

मोजणीत रंगखात्याचा एकही कागद ओळखू आला नाही. लीबी अगदी थोडक्यात निवडून आला. चार वर्षांनी हौदांना लोखंडी कठडे लागले.

गोष्ट इथे संपायची, पण त्याच नाताळात थर्लोने कॉर्नीला आपल्या हाताखालचा दुय्यम मुकादम केलं. का केलं, देव जाणे. कॉर्नी काम जाणत होता, एवढंच कारण असेल. पण गावाला तोंड असतं. "हातमोजे घालून मालकालाच ओवाळून आला वाटतं," असं कुणी नळावर म्हणालं, आणि ते डीलियाच्या मनात रुतलं. तिने घरी येऊन विचारलं, "कुणाला दिलंस?"

"तो कायदा आहे, डीलिया. सांगायचं नसतं."

"मी बायको आहे तुझी. मॅलाकी भाऊ होता माझा!"

कॉर्नीने मान हलवली आणि जेवायला लागला. इतर बाबतींत तो लोण्याहून मऊ माणूस, पण इथे दगड. वर्षं गेली. स्पेनशी लढाई झाली, क्यूबाला, मग पार मनिलाला फौजा निघाल्या, आणि त्या सगळ्यांचे निळे सदरे आमच्या हौदांतून निघाले. रंगखातं दिवसरात्र चाललं. लोखंडी कठड्याला टेकून कॉर्नी माणसं सांभाळायचा आणि म्हणायचा, "आपली नीळ समुद्रापार गेली. कुणाकुणाच्या अंगावर वाळली, कोण जाणे." डीलिया त्या कठड्याकडे बघायची आणि तिला वाटायचं, हा कठडा कुणाच्या मताने लागला? याच्या, की याला सोडून बाकीच्यांच्या?

१९११ साली कॉर्नी गेला. शेवटच्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तो हसला. "तिथं दुसरं कुणी नव्हतं गं," एवढंच म्हणाला.

नऊ वर्षांनी बायकांना मताचा हक्क आला. डीलिया तेव्हा सत्तरीच्या पुढे. मुलगी विनी शहरात टायपिस्ट होती, ती आठवडाभर आधी येऊन आईला पढवत बसली: अमक्याला दे, तमका लबाड आहे. पाद्रीबाबांनी चहा पिता पिता बरोबर उलटं सांगितलं. डीलिया दोघांनाही "हो, हो" म्हणाली. जन्मभर ती सगळ्यांनाच हो म्हणत आली होती. आईला, मुकादमाला, पाद्रीला, आता लेकीला.

नोव्हेंबरची सकाळ होती. टाउन हॉलमध्ये तेच जुने आडोसे माळ्यावरून उतरवले होते, आता काळे पडलेले. डीलियाच्या पिशवीत कॉर्नीचे ते हातमोजे होते, त्या मतदानानंतर फिरून त्याच्याकडेच परत आलेले. ते तिने का घेतले ते तिलाही सांगता आलं नसतं. कागद घेऊन ती आत शिरली आणि मागे पडदा पडला.

फळी. दोरीला बांधलेली पेन्सिल. वर थोडासा उजेड. बाहेर विनी खोकत होती, कुणीतरी पाय घासत होतं, पण ते सगळं लांबचं वाटलं. डीलियाने श्वास सोडला. आपल्याला भीती वाटत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. कुणाचीच नाही. सत्तर वर्षांत हे पहिल्यांदा. विनीने सांगितलेलं नाव वाचलं, पाद्रीबाबांनी सांगितलेलं नाव वाचलं, आणि तिचा हात दोघांनाही ओलांडून तिसऱ्याच नावाकडे गेला, जे तिला स्वतःला खरं वाटत होतं. फुली झाली. कुणी ओरडलं नाही. ती त्या छोट्याशा फुलीकडे बघत राहिली. चर्चमध्ये वेदीसमोरसुद्धा तिला असं कधी वाटलं नव्हतं.

मग तिने पिशवीतले हातमोजे काढले. आतून ते निळे होते, बोटांच्या टोकांशी गडद. एकदा तिने ते गालाला लावले. इथं कॉर्नीजवळही दुसरं कुणी नव्हतं, भ्यायला कुणीच नव्हतं.

बाहेर विनीने तिचा दंड धरला. "इतका वेळ, आई? कुणाला दिलंस?"

"ते सांगायचं नसतं," डीलिया म्हणाली. थोडं चालून ती थांबली. "तुझ्या बापाने मात्र मॅलाकीलाच मत दिलं होतं."

"बाबांनी सांगितलं होतं तुला?"

"नाही गं. मी आत्ताच आत जाऊन बघून आले."